तार नसलेला तंबोरा

१४४, ६०, १००.

कीबोर्डवरची मधली पांढरी एक दाबली की तारेतून एवढंच जातं. पहिला आकडा सांगतो, पहिल्या चॅनलवर सूर सुरू झाला. दुसरा सांगतो, कोणता सूर. मधल्या पांढरी एकचा क्रमांक ६०, शेजारच्या काळी एकचा ६१. तिसरा सांगतो, बोट किती जोरात पडलं, १ ते १२७ या मापावर. बोट उचललं की सूर थांबल्याचे आणखी तीन आकडे जातात. आवाज यात कुठेच नाही. तरीही या आकड्यांच्या जोरावर दहा बाय दहाच्या खोलीत पखवाज घुमतो, मागे तंबोरा झंकारतो आणि मनात आलं तर व्हायोलिनचा अख्खा ताफा उभा राहतो.

पेटीत बोट, भाता आणि सूर एकाच लाकडी खोक्यात नांदतात. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं, हवा पितळी सुराला थरथरवते आणि तोच थरार कानावर येतो. संगणकात या गोष्टींची ताटातूट झाली आहे. हाताची हालचाल एकीकडे, वाजणारं अंग दुसरीकडे आणि त्या अंगापासून कानापर्यंतची वाट तिसरीकडे. हालचाल म्हणजे मिडी, अंग म्हणजे प्लगइन आणि वाट म्हणजे राउटिंग. या क्षेत्रातली सगळी जादू त्या ताटातुटीतून आली आहे, आणि रात्री दोन वाजता डोकं धरायला लावणारे घोळसुद्धा तिथूनच येतात.

ताटातूट होण्याआधी काय होतं ते पाहायचं तर १९८२ सालच्या मुंबईत जावं लागेल. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि बेस वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जवळ केली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या सुरांचं छोटं यंत्र. ती एकाच लयीत बांधून त्यांनी रागांवर आधारलेली दहा डिस्को वादनं ध्वनिमुद्रित केली. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण टीबी-३०३ च्या ज्या किरकिऱ्या, ओलसर आवाजावर पुढे शिकागोत नाचाच्या संगीताचा एक संपूर्ण प्रवाह उभा राहिला, तो या मुंबईच्या तबकडीत आधीच होता. पण माझं कुतूहल त्या यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याविषयी आहे. टीआर-८०८ मधून टीबी-३०३ कडे जाणाऱ्या तारेला पाच टाचण्यांचं बोंड असे आणि तिच्यातून फक्त सुरू-बंदची खूण आणि लयीचे स्पंद जात, दर ठोक्याला २४. ‘सुरू हो’, ‘थांब’, ‘आता पुढे सरक’ एवढंच एक यंत्र दुसऱ्याला सांगू शकत असे. ‘गंधार वाजव, जरा हळू’ हे सांगायची सोय त्या तारेत नव्हती.

ती सोय पुढच्याच वर्षी झाली. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी स्पर्धक कंपन्यांना मिडी या एका भाषेवर राजी केलं. जानेवारी १९८३ मध्ये अनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले, आणि एकावर बोट ठेवलं की दुसरा बोलू लागला. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीची तार त्या काळच्या मानानेही सावकाश होती: सेकंदाला ३१,२५० बिट. तीन आकड्यांचा एक निरोप पोचायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहाही बोटं एकदम ठेवली तरी सूर एकामागून एकच निघतात, शेवटचा पहिल्यापेक्षा काही मिलिसेकंद उशिराने. कानाला ते कळत नाही. आज तीच भाषा यूएसबीवरून कितीतरी वेगाने धावते, पण १४४ चा अर्थ अजून तोच आहे. संगणकाच्या दुनियेत चाळीस वर्षं न बदललेली गोष्ट दुसरी दाखवा, असं मी पैजेवर म्हणेन.

आता अंगाकडे येऊ.

संगणकाकडून आवाज काढून घेण्याची कल्पना मिडीपेक्षा बरीच जुनी आहे. १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या अजस्र यंत्रासाठी आज्ञावली लिहिली आणि तिच्यातून सतरा सेकंदांची एक धून निघाली. त्या यंत्राला वाजता वाजता हिशेब करणं झेपत नसे. आधी आकडे मांडून टेपवर घ्यायचे आणि मग त्यांचा आवाज करायचा. १९६० च्या सुमारास मॅथ्यूज यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. आवाज घडवणारे छोटे छोटे ठोकळे त्यांनी वेगवेगळे केले: एक ठोकळा लहर काढतो, दुसरा तिला चढउतार देतो, तिसरा दोन लहरी मिसळतो. कोणाचं तोंड कोणाला जोडायचं ते संगीतकार ठरवणार. आजचं प्लगइन आणि आजचं राउटिंग, दोघांचं मूळ त्या ठोकळ्यांत आहे.

घरच्या संगणकावर ही किमया यायला आणखी बरीच वर्षं गेली. हॅम्बुर्गची स्टाइनबर्ग कंपनी क्युबेस नावाचं सॉफ्टवेअर विकत होती. १९९६ मध्ये तिने व्हीएसटी हा करार पुढे आणला: बाहेरच्या कोणीही छोटी आज्ञावली लिहावी आणि ती क्युबेसच्या पोटात चालावी. सुरुवातीला ही प्लगइन फक्त आवाजावर संस्कार करत. घुमारा देणं, प्रतिध्वनी देणं वगैरे. १९९९ मध्ये कराराची दुसरी आवृत्ती आली आणि प्लगइनला मिडीचे आकडे ऐकू येऊ लागले. त्याच वेळी क्युबेसबरोबर ‘निऑन’ नावाचा अगदी साधा सिंथेसायझर आला. ऐकायला सामान्यच. पण होस्ट, म्हणजे प्लगइनला पोटात घेणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या आत बसून, आकडे घेऊन आवाज देणारं वाद्य ही चीज तिथे जन्मली. हा करार स्टाइनबर्गने इतरांनाही खुला केला, त्यामुळे बर्लिनच्या कंपनीचं वाद्य बेल्जियमच्या सॉफ्टवेअरमध्ये, पुण्याच्या मुलीच्या लॅपटॉपवर वाजू शकतं. माझ्या मते मोठा शोध त्या वाद्यापेक्षा हा करारच.

प्लगइनच्या पोटात आवाज तयार करण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली समजायला सोपी आणि करायला महाकष्टाची: खऱ्या वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवायचा आणि निरोप येईल तसा वाजवायचा. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येकीचे हळू, मध्यम, जोरकस असे अनेक आघात, आणि एकच आघात लागोपाठ आला तर तोच तुकडा दोनदा ऐकू येऊ नये म्हणून प्रत्येकाचे चारपाच पर्याय. एवढा ऐवज संगणकाच्या मेमरीत मावत नसे. १९९८ मध्ये गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने एक युक्ती काढली. प्रत्येक सुराची फक्त सुरुवात मेमरीत तयार ठेवायची. ती वाजत असताना उरलेला सूर हार्ड डिस्कवरून मागवायचा. बोट पडताच आवाज निघतो आणि त्याची शेपटी मागून धावत येते. कॉन्टॅक्टसारखे आजचे सॅम्पलरही हेच करतात.

दुसरी तऱ्हा मला जास्त भुरळ घालते. तिच्यात ध्वनिमुद्रण नसतंच.

१९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी एक लेख छापला. त्यातली कृती शाळकरी मुलालाही करता येईल. दोनशे कप्प्यांचं एक गोल रिंगण घ्या. प्रत्येक कप्प्यात मनाला येईल तो आकडा भरा, अगदी फासे टाकून. आता एकेक कप्पा क्रमाने वाचत जा. वाचलेला आकडा स्पीकरकडे पाठवा, आणि त्याची व त्याच्या शेजाऱ्याची सरासरी काढून त्याच कप्प्यात परत ठेवा. रिंगण संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ४४,१०० कप्पे वाचायचे.

याने काय ऐकू यावं? सुरुवातीला निव्वळ खरखर आहे, अर्थहीन आकडे. पण तीच खरखर सेकंदाला जवळजवळ २२० वेळा फिरून येते, आणि फिरून फिरून येणाऱ्या गोष्टीला कान सूर म्हणतो: मधल्या पांढरी एकच्या खालच्या सप्तकातली पांढरी सहा. शिवाय प्रत्येक फेरीत सरासरीमुळे टोकदार चढउतार बोथट होतात, म्हणजे तीव्र स्वरांश आधी विझतात आणि खर्जाचे मागे रेंगाळतात. ताणलेली खरी तार छेडल्यावर नेमकं असंच वागते. स्पीकरमधून स्वच्छ, धातूची चमक असलेला ‘टंग्’ असा आवाज येतो. तार कुठेच नाही, नखी नाही, भोपळाही नाही. आकडे दर वेळी नव्याने टाकलेले असल्यामुळे कुठलेही दोन आघात तंतोतंत सारखे नसतात; सॅम्पलवाल्यांना ज्यासाठी चारपाच पर्याय ध्वनिमुद्रित करावे लागतात, ते इथे फुकटात मिळतं.

रिंगणात कप्पे वाढवले की सूर उतरतो, कमी केले की चढतो. सरासरीचं प्रमाण जरा बदललं की नायलॉनची तार पोलादी होते. पुढे स्टॅनफर्डमध्येच ज्युलियस स्मिथ यांनी या कल्पनेतून बासऱ्या, व्हायोलिनं, माणसाचा कंठ यांची गणितं मांडली.

मग तंबोरा? तिथे हे सोपं रिंगण अपुरं पडतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जव्हारी लावताना कारागीर घोडीचा माथा कानशीने घासतात, तार छेडतात, कान देतात, पुन्हा घासतात. घोडीचा माथा सपाट वाटला तरी किंचित कलता असतो. कंपणारी तार त्याला सतत चाटून जाते, आणि तिच्याखाली सरकवलेला सुताचा धागा हे चाटणं कुठे सुरू व्हावं ते ठरवतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिताना एक विलक्षण गोष्ट टिपली. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे स्थिर राहणारे स्वरांश नियमाप्रमाणे ऐकूच यायला नकोत. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. घोडीचा तो माथा तारेची शक्ती एका स्वरांशातून दुसऱ्यात ओतत राहतो. गणितात उतरवायचं तर तार घोडीला केव्हा टेकली, केव्हा सुटली याचा हिशेब सेकंदाला हजारो वेळा मांडावा लागतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रत्यक्ष वाजता वाजता चालेल अशा तंबोऱ्याच्या प्रतिकृतीवर निबंध मांडला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कानशीचं काम आणि समीकरणांचं काम, दोन्ही एकाच वळणदार माथ्याभोवती फिरतात याची मला गंमत वाटते.

आता हे सगळं वेळेत कसं होतं ते पाहा. संगणक आवाज थेंबाथेंबाने देत नाही, वाढपी पोळ्या वाढतो तसा घासाघासाने देतो. समजा एक घास २५६ आकड्यांचा ठरवला. ध्वनीचं यंत्र तो ५.८ मिलिसेकंदांत संपवतं. तेवढ्यात होस्टने पुढचा घास तयार ठेवायचा. त्यासाठी तो प्रत्येक प्लगइनच्या दारात जातो, आलेले मिडीचे निरोप देतो, ‘२५६ आकडे दे’ म्हणतो, ते पुढच्या प्लगइनकडे नेतो, सगळ्यांची बेरीज करतो आणि पानात वाढतो. सेकंदाला १७२ वेळा. एखादं प्लगइन हिशेबात अडकलं आणि पान रिकामं राहिलं की स्पीकरमधून ‘कट्’ असा आवाज येतो. गाण्याच्या भर समेवर आला तर फारच जिव्हारी लागतो. घास मोठा केला तर होस्टला उसंत मिळते, पण बोट पडल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ वाढतो. म्हणून वाजवताना घास लहान ठेवतात आणि पुढे मिश्रण करताना मोठा. ५.८ मिलिसेकंद म्हणजे किती? तेवढ्या वेळात हवेतून आवाज दोन मीटर जातो. बैठकीत तबलजी आणि पेटीवाला यांच्यात साधारण तेवढंच अंतर असतं, आणि कोणी तक्रार करत नाही.

इथेच एक विनोदी प्रकार सांगायला हवा. घुमारा देणारं प्लगइन आवाज विझवत विझवत शून्याकडे नेतं. आकडे इतके लहान होतात की दशांशचिन्हानंतर सदतीसहून जास्त शून्यं येतात. कानाला ती कधीचीच शांतता असते. पण पेंटियम-४ च्या काळातल्या प्रोसेसरना असले सूक्ष्म आकडे हाताळायला नेहमीच्या कित्येक पट वेळ लागे. परिणाम असा की गाणं जोरात चालू असताना संगणक खुशीत, आणि गाणं संपून शांतता झाली की तो धापा टाकतो! उपाय म्हणून प्रोग्रामर मंडळी ऐकू येणार नाही इतकी बारीक खरखर मुद्दाम मिसळत. आता प्रोसेसरलाच असले आकडे सरळ शून्य धर म्हणून सांगतात.

राहिली वाट. नवशिके इथे अडतात आणि जुने इथे रमतात.

एका अभंगाची मांडणी घेऊ: तंबोरा, पेटी, पखवाज, टाळ. चारही वाद्यं एकाच मोठ्या सॅम्पलरमध्ये उघडली आहेत. आपण पखवाजावर ‘धा’ मारतो आणि पेटीही भोंगा लावते. कारण दोघेही सगळ्या चॅनलवर कान देऊन बसलेत. मिडीत सोळा चॅनल असतात. तंबोऱ्याला एक, पेटीला दोन, पखवाजाला तीन, टाळाला चार असे वाटून दिले आणि होस्टमधल्या प्रत्येक मिडी ट्रॅकला त्याचा चॅनल नेमून दिला की हालचालींची भेसळ थांबते. पण आवाज अजून एकाच जोडवाटेने बाहेर येतोय. टाळ जरा खाली घ्यावा म्हटलं तर पखवाजही खाली जातो. मग सॅम्पलरच्या आत चौघांना वेगवेगळी दारं नेमायची, आणि होस्टच्या मिक्सरवर ती दारं उघडायची. हे दुसरं काम लोक विसरतात. सॅम्पलरच्या आत पातळीचा दांडा नाचत असतो, मिक्सरवर मात्र सामसूम.

अशी सामसूम झाली की सेटिंग्ज चाळत बसू नये. तीन ठिकाणी पाहावं. निरोप पोचला का, हे मिडीचा दिवा सांगतो. अंग वाजलं का, हे प्लगइनमधला दांडा सांगतो. वाट जुळली का, हे मिक्सरचा दांडा सांगतो. जिथे पहिल्यांदा अंधार दिसेल, दोष तिथेच.

चारही वाद्यं सुटी झाली की त्यांना एका देवळाच्या सभामंडपात बसवायचं असतं. प्रत्येकावर वेगळा घुमारा लावला तर चौघं चार देवळांत बसल्यासारखे वाटतात, आणि संगणकावर चौपट भार. त्यापेक्षा घुमारा एका वेगळ्या बसवर, म्हणजे सामाईक वाटेवर, ठेवावा आणि प्रत्येक ट्रॅकमधून थोडा थोडा आवाज सेंडने तिकडे धाडावा. टाळ जास्त, पखवाज कमी. मूळ आवाज आपल्या वाटेने जातोच, एक प्रत मंडपात फिरून येते. आवाजाची ही प्रत काढायला काही खर्च येत नाही. तांब्याच्या तारेत एक संकेत दहा ठिकाणी फाकवला तर तो अशक्त होतो; आकड्यांचं तसं होत नाही. म्हणून गायकाच्या आवाजाची आणखी एक प्रत तंबोऱ्यावरच्या कॉम्प्रेसरला नुसती ऐकायला देता येते, वाजवायला नाही. गायक तोंड उघडतो, कॉम्प्रेसर ते ऐकून तंबोऱ्याला दोन पावलं मागे सारतो. गायक थांबला की तंबोरा पुन्हा भरतो. याला साइडचेन म्हणतात. बैठकीत चांगला साथीदार हे आपसूक करतो.

या वाटांना एक नियम असतो: त्या फिरून स्वतःकडे येता कामा नयेत. होस्टला ठरवावं लागतं की आधी कोणाचा हिशेब, मग कोणाचा. ‘क’चा आवाज ‘ख’ला हवा आणि ‘ख’चा ‘क’ला, असं झालं तर सुरुवात कुठून करणार? बहुतेक होस्ट असली जोडणी करूच देत नाहीत. विनअ‍ॅम्प लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांचा रीपर मात्र सेटिंगमध्ये तशी मुभा देतो. मग आवाज घासाघासाने उशिरा फिरून येतो, आणि सांभाळलं नाही तर किंचाळतो. वाटांचा दुसरा प्रश्न वेळेचा. काही प्लगइनना पुढे काय येणार हे आधी पाहायचं असतं, म्हणून ती आवाज काही मिलिसेकंद अडवून ठेवतात. ज्या ट्रॅकवर ती बसली तो मागे पडणार. तेव्हा होस्ट प्रत्येकाकडून ‘तू किती उशीर करतोस’ हे विचारून घेतो आणि बाकीच्या सर्व ट्रॅकना तेवढंच मागे थोपवतो. शंभर वाटा आणि शंभर वेगळे उशीर, पण सम एकाच आकड्यावर पडते.

स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड कंपनीने २००० मध्ये काढलेल्या रीझन या सॉफ्टवेअरात टॅब ही कळ दाबली की वाद्यांचं कपाट पाठमोरं होतं. मागे लोंबत्या तारा दिसतात, आणि त्या किंचित झुलतात. त्या झुलण्याचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही. ही चैन मला मनापासून आवडते. बाकीच्या सॉफ्टवेअरांत वाटा म्हणजे नावांच्या याद्या. इथे मात्र ‘हे तोंड त्याला जोडलंय’ हे डोळ्यांना दिसतं, आणि कुतूहल असलेला माणूस चुकीची तार ओढून बघतोच.

पण ताटातुटीची किंमत आहे, आणि आपल्या संगीताला ती जास्त मोजावी लागते. मिडीची कल्पना पट्ट्यांवर बेतली आहे. दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेला तिथे क्रमांक नाही, आणि मींड तर त्या मोकळ्या जागेतच राहते. सूर वाकवायची सोय आहे, तीही बारीक: खालपासून वरपर्यंत १६,३८४ पायऱ्या. नेहमीच्या मांडणीत ती दोन अर्धस्वर खाली, दोन वर एवढी पसरते. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो, म्हणजे अर्धस्वराचा साधारण सातवा भाग. तो गाठायला त्या पायऱ्यांपैकी ५६० च्या आसपास उतरावं लागतं. जमतं. पण ही वाकवणूक अख्ख्या चॅनलला लागू होते: गंधार उतरवला की बरोबर धरलेला षड्जही उतरतो! दोन पट्ट्यांमधली मींड घेता येत नाही, हाच आक्षेप पेटीवर घेत आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं तिला दूर ठेवलं होतं. पेटीवाल्यांकडे तेव्हा उत्तर नव्हतं. प्लगइनवाल्यांनी एक काढलं. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई या पद्धतीत प्रत्येक सुराला त्याचा स्वतंत्र चॅनल मिळतो. सोळा चॅनलांतला एक सामाईक, उरलेले पंधरा सुटे. मग रबरासारख्या पृष्ठभागाच्या कीबोर्डवर एक बोट मींड घेतं आणि दुसरं षड्ज धरून स्थिर बसतं.

तालवाद्यांची कथा आणखी गमतीची. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाने आवाजांचे क्रमांक ठरले. त्यात १०५ वर सतार आहे, ११२ वर शहनाई आहे. तालवाद्यांच्या यादीत काँगा, बाँगो, काउबेल, शिट्टीसुद्धा आहे. तबला नाही. त्यामुळे ‘धा’ कोणत्या पट्टीवर हे प्रत्येक संच बनवणारा स्वतःच्या मनाने ठरवतो. एका संचावर बांधलेला केहरवा दुसऱ्या संचावर लावला की आकडे तेच राहतात आणि बोल भलतेच पडतात. यावर उपाय म्हणून प्लगइनच्या आधी एक छोटं मिडीचं गाळण बसवतात. येणारा ६० असेल तर ४८ कर, ६२ असेल तर ५३ कर. कंटाळवाणं काम, पण एकदा केलेला नकाशा जन्मभर पुरतो.

जन्मभर हा शब्द मात्र इथे जपून वापरायला हवा. मिडी टिकला, प्लगइन टिकत नाहीत. अ‍ॅपलने २०१९ च्या कॅटालिना या मॅक प्रणालीत ३२-बिट सॉफ्टवेअर बंद केलं आणि जुनी कित्येक वाद्यं एका रात्रीत मुकी झाली. व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीचा परवाना नव्या लोकांना देणं स्टाइनबर्गने २०१८ मध्येच थांबवलं. दहा वर्षांपूर्वीचं काम आज उघडलं तर होस्ट सांगतो, अमुक प्लगइन सापडलं नाही. पडद्यावर सगळे सूर जागच्या जागी दिसतात, जोर, वाकवणूक, चॅनल, सगळं शाबूत. वाजवायला अंग नाही. त्यामुळे मुरलेले ध्वनिसंयोजक काम हातावेगळं करण्याआधी प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगळा काढून साध्या वेव्ह फायलींत ठेवतात, शेजारी मिडीची फाइल ठेवतात, आणि कोणतं प्लगइन, कोणती आवृत्ती, ‘धा’ कोणत्या पट्टीवर, हे एका चिठ्ठीत लिहून त्याच फोल्डरमध्ये टाकतात.